जनूदादाचे ब्रेक

रविवार, २ नोव्हेंबर. उद्या शाळा सुरू. दिवाळीच्या सुट्टीभर व्हॅन दारात उभी होती, आणि आमच्या दारातून खाडी दिसते. म्हणजे पुढच्या चाकांच्या पिना बघायला हव्यात. सकाळी चहा झाल्यावर मागच्या चाकांना जांभ्या दगडाचे तुकडे लावले, जॅक चढवला, डावं चाक काढलं. कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला, नळीवर त्याचा भार येऊ नये म्हणून. वरची पिन हाताने बाहेर आली. खालची आली नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जबडा म्हणजे कॅलिपर. हा जबडा बोटाएवढ्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिना सुकल्या किंवा गंजल्या की जबडा अडकतो, एकच बाजू घासत राहते, चाक तापतं, गाडी एका अंगाला ओढते. उपाय सोपा आहे. पिन काढायची, जुनं ग्रीस पुसायचं, गंज घासायचा, रबराची टोपी फाटलेली नाही ना ते बघायचं, ब्रेकसाठी वेगळं ग्रीस मिळतं ते पातळ लावायचं आणि पिन परत बसवायची. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. बोटाने ढकलल्यावर पिन सरकली की काम झालं.

हे मला जनूदादाने शिकवलं. जनार्दन शिवलकर. गेल्या शिमग्याच्या आधी तो गेला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पण दादा म्हटलं की अरेतुरे आपोआप येतं. आम्ही दोघं काळबादेवी, बसणीकडची मुलं रत्नागिरीतल्या एका शाळेत नेत-आणत असू. त्याची व्हॅन पुढे, माझी मागे. मी या धंद्यात आले ती कॅन्टीनचं काम सुटल्यावर. नवरा जयगडला बंदरात, आठवड्यातून एकदा घरी. मला घरबसल्या काहीतरी करायचं नव्हतं, गाडी चालवता येत होती, म्हणून जुनी व्हॅन घेतली. ती दारात आली त्याच दिवशी जनूदादा न बोलावता आला, चपला बाहेर काढून ठेवल्या, आत बसला, साखरतरच्या पुलापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "डावीकडे ओढते. विकणाऱ्याने तुला रंग दाखवलान."

मग त्याने माझ्याकडूनच चाक काढून घेतलं. स्वतः बाजूला उकिडवा बसून फक्त बोट दाखवत होता. पिन इतकी बसली होती की हातोडीशिवाय हलेना. मी घामाने निथळले. मदत कर म्हटलं तर म्हणाला, रस्त्यात अडकशील तेव्हा मी काय तुझ्या डिकीत असणार काय.

तो चप्पल घालून गाडी चालवत नसे. पायातलं काढून सीटच्या बाजूला एका प्लास्टिकच्या टोपलीत ठेवायचा. पावसात ओल्या पायाने, थंडीत गार पायाने, पण अनवाणीच. ब्रेक तळव्याला कळला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. "बूट घालून ब्रेक मारणं म्हणजे हातमोजे घालून भात कालवणं." हे तो पोलिसालाही ऐकवायचा. चाकात बारीक खडा अडकला तरी त्याला पायाने कळायचा. आम्ही कधीकधी मुद्दाम त्याच्या गाडीत मागे काहीतरी जड ठेवायचो. पहिल्या वळणाला तो विचारायचा, मागे काय ठेवलंत?

त्याला मुलांची नावं लक्षात राहत नसत, किंवा तो ठेवत नसे. जिथून मूल चढतं ते त्याचं नाव. ए पूल, सरक तिकडे. ए गिरण, डबा उघडू नको. एका घराने जागा बदलली तर त्यांची मुलगी दोन वर्षं 'जुनी शाळा' याच नावाने ओरडा खात होती, कारण नवीन नाव त्याला मान्य नव्हतं. मुलांना त्याची भीती वाटत नसे. एकदा स्नेहसंमेलनाच्या दिवशी माकड झालेल्या एका पोराची शेपटी घरी राहिली. शाळेच्या फाटकाशी ते रडायला लागलं. जनूदादाने गाडी वळवली आणि शेपूट घेऊन आला. बाकीच्या पालकांनी उशीर झाला म्हणून तक्रार केली तेव्हा म्हणाला, बिनशेपटीचं माकड म्हणजे कोण, तुम्हीच सांगा.

घरचे सगळे दर्यावर जाणारे. बाप तांडेल, भाऊ बोटीवर. जनूदादाला बोट लागायची. पहिल्यांदा नेला तेव्हा बंदर नजरेआड व्हायच्या आतच तो आडवा झाला, दुसऱ्यांदा नेला तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा बापाने नेलाच नाही. घरी कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं त्याला आयुष्यभर पुरलं. मासळीच्या टेम्पोवर क्लीनर लागला, तिथून ड्रायव्हर. भाऊ शेवटपर्यंत चेष्टा करायचे की आमचा जनू काय, डांबरावरचा खलाशी. तो हसायचा, पण मग दिवसभर गाडी पुसत बसायचा. ड्रायव्हर म्हणून आपल्याला तोड नाही, एवढीच एक गोष्ट त्याच्यापाशी होती, आणि ती खरी होती. आरे-वाऱ्याच्या उतारावर त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी सांडायचं नाही.

साखर होती त्याला. स्वतः म्हणायचा, बाउंडरीवर आहे. बायको, शोभावहिनी, गोळ्या हातात द्यायची तेव्हा घ्यायचा. ती माहेरी गेली की बाउंडरीवरची साखर पलीकडे जायची.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा काहीतरी दिसलं होतं, पण त्याला नाव आम्ही भलतंच दिलं. शाळा सड्यावर आहे. झाड नाही, नुसता काळा कातळ. दुपारी शाळा सुटेपर्यंत आम्ही व्हॅनवाले, रिक्षावाले एका पत्र्याच्या शेडखाली बसतो. चपलेतूनही चटका लागतो असं ऊन. जनूदादा गाडीतून उतरून अनवाणी, रमतगमत, शेडपर्यंत आला. मध्ये थांबून त्याने विडीसुद्धा पेटवली. कोणीतरी म्हणालं, दादा, पाय आहेत की टायर? सगळे हसले. मीही. तो असा खूश झाला की दुसऱ्या दिवशी परत तसाच चालून दाखवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो म्हणायला लागला की ब्रेक मऊ लागतो.

आमच्याकडे अशा वेळी एकच उत्तर असतं. खारी हवा. खिडकीचे गज खाल्ले, खारी हवा. पंखा करकरतो, खारी हवा. कपाटाचं दार लागत नाही, मुलाचं लग्न जमत नाही, काहीही असो. खाडीकाठच्या गाड्यांना तर हे इतकं खरं आहे की दुसरं काही शोधायची कुणाला गरजच पडत नाही. जनूदादाने पिना काढल्या, साफ केल्या, ग्रीस लावलं. दोन दिवस बरं वाटलं. मग परत मऊ. परत पिना. आधी महिन्यातून, मग आठवड्यातून, मग दर दोन दिवसांनी त्याच्या अंगणात चाक काढलेलं दिसायला लागलं. त्या पिना इतक्या चकचकीत झाल्या होत्या की नव्या पिना त्यांच्यापुढे मळक्या दिसल्या असत्या.

अस्लमभाईच्या गॅरेजात आम्ही दोघं जायचो. अस्लमभाईने ऑइल बदललं, हवा काढली, नवीन पॅड टाकले. शेवटी वरचा पंपसुद्धा बदलला. स्वतः चालवून बघितली आणि म्हणाला, जनूभाई, एकदम ओके. जनूदादा भडकला. पंचवीस वर्षांची ओळख, पण त्याला म्हणाला की तुला आता कळेनासं झालंय, गॅरेज पोराला देऊन घरी बस. दुसऱ्या गॅरेजात गेला. तिथेही ओके. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी त्याला बरं वाटावं म्हणून पिना बदलल्या.

ग्रीस त्याने कोल्हापूरहून मागवलं. पिनांच्या रबरी टोप्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले, खारी हवा आत जाऊ नये म्हणून. रात्री व्हॅनच्या पुढच्या चाकांवर गोणपाट घालायचा. गणपतीनंतर देवळात नारळ ठेवून गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं. मी होते तिथे. गुरव देवाला सांगत होता की या तुझ्या लेकराच्या गाडीच्या ब्रेकाला कुणाची वाकडी नजर लागली असेल तर ती काढ, आणि आम्ही व्हय म्हाराजा म्हणत होतो. मला हसू येत होतं. जनूदादाकडे बघितलं आणि ते गेलं. त्याने हात असे घट्ट जोडले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

डिसेंबरात साखरतरच्या पुलाच्या उतारावर त्याची गाडी एका हातगाडीला लागली. जोरात नाही. पण आतली मुलं पुढे आपटली, 'गिरण' मुलीचा ओठ फुटला. मी मागेच होते. धावत गेले तर तो स्टेअरिंग धरून बसलेला. म्हणाला, दाबला गो मी. दाबला होता, मागचे लाल दिवे पेटलेले मी बघितले होते. पालक आले, रागावले, आणि मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला की हल्ली ब्रेकचं असंच, खाऱ्या हवेला कोण काय करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. जनूदादाला माफी मिळाली. मला वाटतं, कुणीतरी त्या दिवशी शिव्या द्यायला हव्या होत्या.

नाताळच्या सुट्टीतल्या एका सकाळी तो मला बोलवायला आला. दाढी वाढलेली. म्हणाला, तू एकदा चालवून बघ, तुझ्या पायाला काय लागतं ते सांग, पण चप्पल काढून. अस्लम बूट घालतो, त्याला काय कळणार.

मी त्याच्या व्हॅनमध्ये बसले. चप्पल काढून टोपलीत ठेवली. तो बाजूला बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडलचं रबर चिकट लागलं. म्हटलं ग्रीस असेल. रस्त्यावर घेतली, हळू दाबला, जोरात दाबला, उतारावर दाबला. ब्रेक कडक होता, सरळ होता, माझ्या गाडीपेक्षा चांगला होता. वळवून परत अंगणात आणली. पाय उचलला तर तळवा लाल. मला वाटलं मलाच काही लागलं. पुसून बघितलं, माझ्या पायाला काही नव्हतं.

"दादा, पाय दाखव."

"कशाला? ब्रेकचं सांग."

"उजवा पाय दाखव."

त्याने दरवाजा उघडून पाय बाहेर काढला आणि वर केला. टाचेच्या पुढे, मऊ भागात, कालवाच्या शिंपल्याचा तुकडा घुसला होता. नखाएवढा बाहेर दिसत होता, आत किती होता ते मला नंतर कळलं. भोवती मांस पांढरं पडलेलं. आज-कालचा नव्हताच तो. खाडीच्या काठाला तो आठवड्यापूर्वी कुणाची तरी होडी ओढायला गेला होता. जनूदादा वाकून त्या पायाकडे बघत राहिला, शेजाऱ्याच्या पोराला काही झालंय तसा.

"कधी लागलं हे?" त्याने मलाच विचारलं.

मी शिंपल्याला बोट लावलं. मग जरा जोरात दाबलं. तो तसाच बघत होता. मी गाडीची चावी काढून कनवटीला लावली.

म्हटलं, आत्ता दवाखान्यात चल. तो म्हणाला, चलूया, पण आधी पिना बघूया. पाय आणि ब्रेक या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना शिवत नव्हत्या, किंवा तो शिवू देत नव्हता. मी वहिनीला हाक मारली. तिने पाय बघितला आणि पदर तोंडाला लावला. आम्ही दोघींनी ओढलं तरी तो हलला नाही. जॅक काढला, चाक काढलं, आणि तसल्या पायाने मातीत बसून पिना काढायला लागला. वहिनीने निदान पायाला फडकं बांधलं. मी बजावलं की जेवणाची वेळ होईपर्यंत, त्यापुढे चार माणसं बोलावून उचलून नेईन. त्याने पिना पुसल्या, प्रकाशात धरल्या, परत पुसल्या. ग्रीस लावताना त्याचे हात नेहमीसारखेच होते, एक थेंब इकडे तिकडे नाही. चाक बसवलं. उठून हात पुसले.

"आता बघ."

मी चावी घालून बसले, व्हॅन अंगणातल्या अंगणात पुढे-मागे केली.

"लागतोय?"

"लागतोय."

"बघ. म्हणत होतो ना, पिनाच."

त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं. पण सोमवारी शाळा होती आणि त्या गाडीत मुलं बसणार होती.

"दादा, सकाळी पण असाच लागत होता. जूनपासून असाच लागत असणार. अस्लमभाई खोटं बोलला नाही. तुझा पाय गेलाय."

वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिने आत जायचं केलं आणि गेली नाही. जनूदादा व्हॅनच्या बॉनेटला टेकला. बराच वेळ त्याने ग्रीसचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते आट्यात बसत नव्हतं.

"मग मी आता करू काय गो?" तो म्हणाला.

मी चावी ठेवून घेतली. जनूदादाला माझ्या गाडीत घालून सिव्हिलला नेलं. सोमवारपासून त्याची मुलं मी दुसऱ्या फेरीत घ्यायला लागले. 'पूल', 'गिरण', 'जुनी शाळा' सगळी रोज विचारायची, दादा कधी येणार.

शिंपला निघाला, पण पाय काळा पडला आणि ते काळेपण वर चढत गेलं. मी एका दुपारी भेटायला गेले. त्याने पहिलं विचारलं ते, गाडी उभी राहून पिना अडकल्या नाहीत ना. मग सांगितलं, डॉक्टर पायाची परीक्षा घेणार आहे, त्यात पास झालो तर पाय ठेवतील. तसं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. त्याने तसा अर्थ काढला होता. त्याच्या मुलीने मुंबईहून गाडी आणली होती, संध्याकाळी तिकडच्या रुग्णालयात न्यायचं होतं. त्याआधी दोन्ही पायांची नोंद करायची, एवढंच होतं.

डॉक्टरीणबाई आल्या, वयाने लहान, सौम्य. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या दांडीला बसवलेला नायलॉनचा आखूड दोरा होता. म्हणाल्या, काका, डोळे मिटा, हे तळव्याला लागलं की 'लागलं' म्हणा. जनूदादाने डोळे मिटले. त्यांनी अंगठ्याखाली दोरा टेकवला.

"लागलं," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. त्यांनी दुसऱ्या जागी टेकवला. "लागलं." तिसऱ्या. "लागलं." माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मागे घेतला आणि थांबल्या.

"लागलं," जनूदादा म्हणाला.

तो मान किंचित तिरकी करून कानोसा घेत होता. कपड्याची सळसळ, श्वास, काही मिळतंय का बघत होता. "हां, लागलं," तो परत म्हणाला. "हे जरा हळू लागलं." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पाऊल न वाजवता पुढच्या खाटेकडे गेल्या. मी पण निघाले. माझ्या दुसऱ्या फेरीची वेळ झाली होती. दारातून वळून बघितलं तर त्याने अजून डोळे उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ झाल्यावर केरसुणीतला एक हीर काढला. आठवड्याच्या सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला माझ्या तळव्यांना तो टेकवायला लावला. मला कळत होतं. मग त्याचेही तपासले. मुलं दोन फेऱ्यांत शाळेत सोडली आणि सड्यावरच्या शेडखाली गेले. सगळे व्हॅनवाले, रिक्षावाले चहा पीत बसले होते. म्हटलं, पायातलं काढा. वैनी, काय पाद्यपूजा काय, असं कोणीतरी म्हणालं, पण माझं तोंड बघून काढलं. डोळे मिटायला सांगितले आणि एकेकाच्या तळव्याला हीर लावत गेले. लागलं, लागलं, गुदगुल्या होतायत, चल पुढे.

दिलीप म्हणून शिरगावचा रिक्षावाला आहे, चाळिशीचा, अंगाने दणकट, दिवसभर हसणारा. तो डोळे मिटून दोन्ही पाय पुढे करून बसला होता. मी त्याच्या अंगठ्याखाली हीर टेकवला. थोडा दाबला. हीर वाकला.

"वैनी," दिलीप म्हणाला, "लाव की. कधीची वाट बघतोय."